वस्तीतील दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टरांचे शैक्षणिक कर्ज संस्थेने फेडावे का?

प्रश्न (विश्वस्त, चेंबूर)

आमचा छोटा सार्वजनिक न्यास गोवंडीच्या शिवाजीनगर भागात दवाखाना चालवतो. 2022 च्या गोवराच्या साथीत गोवंडीचे नाव रोज वर्तमानपत्रांत झळकत होते. साथ ओसरली आणि बातम्या थांबल्या, पण दवाखान्याबाहेरची रांग आजही तेवढीच आहे. रुग्णांचा विश्वास आम्ही कमावला आहे. डॉक्टर मात्र टिकत नाहीत. एमबीबीएस झालेले तरुण डॉक्टर मनापासून काम करतात आणि वर्षभरात खासगी रुग्णालयात निघून जातात; जाताना बहुतेकांच्या तोंडी शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याचाच विषय असतो. क्षयरोगाच्या एका रुग्णाच्या केसपेपरवर सहा महिन्यांच्या उपचारात तीन डॉक्टरांची अक्षरे दिसतात, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी औषध मध्येच सोडून देणारे रुग्ण वाढतात.

पगार सरसकट वाढवणे आम्हाला झेपणार नाही. जो डॉक्टर किमान दोन वर्षे राहील, त्याच्या कर्जाचा काही भाग न्यासाने फेडावा, असा प्रस्ताव विश्वस्तांच्या बैठकीत आला आहे. याची रचना कशी करावी आणि यात कायद्याच्या, कराच्या कोणत्या अडचणी येतील, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (डॉक्टर, घाटकोपर)

मी स्वतः खासगी महाविद्यालयातून कर्ज काढून शिकलो आहे, म्हणून आधी आकडे मांडतो. पंधरा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे 19,800 रुपये बसतो. दोन वर्षांत बँकेला साधारण पावणेपाच लाख रुपये जातात, पण मुद्दल दोन लाखांनीही कमी होत नाही, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. त्यामुळे न्यासाने नुसते हप्ते भरले, तर दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यावरचे ओझे जवळपास तसेच राहते. त्यापेक्षा वर्ष पूर्ण झाल्यावर एकरकमी रक्कम थेट मुद्दलात जमा करावी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जांवर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे त्या कर्जांच्या बाबतीत ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र मुदत कमी करायची की हप्ता कमी करायचा, हे बँकेला लेखी कळवावे लागते. ज्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत, त्याला हप्ता कमी होणेच अधिक उपयोगाचे ठरते.

आणखी एक गोष्ट आपण विचारात घ्यावी. पालिकेच्या किंवा सरकारी महाविद्यालयांतून शिकलेल्यांवर कर्ज तुलनेने कमी असते आणि त्यांना बंधपत्राची सेवाही (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा) करावी लागते, त्यामुळे ही योजना मुख्यतः खासगी महाविद्यालयांतून आलेल्यांनाच ओढून आणील. शिवाय आमच्यापैकी बहुतेकांचे लक्ष 'नीट पीजी' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेकडे असते. दुर्गम भागातील सरकारी सेवेत असणाऱ्यांना त्या परीक्षेत वर्षाला दहा टक्के आणि कमाल तीस टक्के प्रोत्साहन गुण मिळू शकतात. आपल्या दवाखान्यातील डॉक्टरला ते मिळणार नाहीत. तेव्हा कर्जफेडीच्या जोडीला परीक्षेपूर्वी अभ्यासाची रजा देता आली, तर ती अवश्य द्यावी.

उत्तर 2 (सनदी लेखापाल, दादर)

मालकाने कर्मचाऱ्याचे वैयक्तिक कर्ज फेडले, तर ती रक्कम आयकर कायद्यानुसार कर्मचाऱ्याच्या पगारातच धरली जाते आणि तिच्यावर करकपात करावी लागते. डॉक्टर व्यावसायिक शुल्कावर काम करत असले, तरी ते त्यांचे करपात्र उत्पन्नच ठरते. म्हणून करारात रक्कम लिहिताना कर वजा होऊन बँकेत प्रत्यक्ष किती जाणार, हे स्पष्ट नमूद करावे. न्यासाच्या उद्दिष्टांत अशा खर्चाला जागा आहे का, हे ठराव करण्यापूर्वी न्यासपत्रात तपासून घ्यावे.

निधीसाठी मुंबईतील कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर) विचार करता येईल. त्यासाठी सीएसआर-1 ही नोंदणी आवश्यक आहे. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झाला, तर कंपनी सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत निधी बांधून देऊ शकते. मात्र केवळ कर्जफेड म्हणून मागणी करण्याऐवजी दवाखान्याच्या संपूर्ण खर्चाचा, त्यातील मनुष्यबळाचा भाग म्हणून ती मांडावी.

उत्तर 3 (सार्वजनिक आरोग्य कार्यकर्ती, शीव)

अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य सेवा दलाची अशी योजना 1987 च्या कायद्यापासून आहे. डॉक्टरांची टंचाई असल्याचे अधिकृतपणे ठरवलेल्या भागात दोन वर्षे पूर्णवेळ काम करणाऱ्यांना तेथे अनेक वर्षे कमाल 50 हजार डॉलरपर्यंत कर्जफेड मिळत होती, आणि 2004 च्या कायद्यानंतर त्या रकमेवर केंद्रीय आयकरही लागत नाही. म्हणजे वर सांगितलेली कराची अडचण त्यांनी कायद्यानेच दूर केली. तेथील दुखणे निधीचे आहे. बरीचशी रक्कम ठरावीक मुदतीच्या तरतुदीतून येते आणि ती मुदत संसदेला पुन्हा पुन्हा वाढवावी लागते. प्रत्येक वेळी दवाखान्यांना नव्या नेमणुकांबद्दल अनिश्चितता सहन करावी लागते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे, की ज्या डॉक्टरला शब्द द्याल, त्याच्या दोन्ही वर्षांची पूर्ण रक्कम करारावर सही होण्यापूर्वी बँकेत वेगळी ठेवा. दहा डॉक्टरांना अर्धवट आश्वासन देण्यापेक्षा दोघांनाच पुरते द्यावे. तरुण माणूस तुमच्या शब्दावर विसंबून दुसरी नोकरी नाकारतो, तेव्हा तो शब्द देणगीदाराच्या मर्जीवर टांगलेला असता कामा नये.

त्या योजनेत करार मोडणाऱ्यावर न केलेल्या सेवेच्या प्रत्येक महिन्यासाठी 7,500 डॉलरचा दंड लागतो. आपण त्या वाटेने जाऊ नये. आपल्याकडे बंधपत्राच्या दंडाची धास्ती तरुण डॉक्टरांनी पुरेशी अनुभवली आहे. वर्ष पूर्ण झाल्यावरच रक्कम दिली, तर वसुलीचा प्रश्नच उरत नाही. कोणाचीही मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, ही विनंती.

प्रश्नकर्त्या विश्वस्त

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहते: एखादी डॉक्टर चौदाव्या महिन्यात प्रसूतीच्या रजेवर गेली, तर दुसरे वर्ष कसे मोजावे?

उत्तर 3 (सार्वजनिक आरोग्य कार्यकर्ती, शीव)

रजेचा काळ मुदतीतून वगळावा आणि ती परतल्यावर उरलेले महिने पुढे मोजावेत. राखून ठेवलेली रक्कम तोवर तिच्याच नावे राहू द्यावी. आणि हे करारातच लिहावे, नंतरच्या समजुतीवर सोडू नये.