लघवी लाल नाही, गोचीडही काढले, तरी गोचीड ताप कसा?

संकरित गाय आहे, ताप उतरतच नाहीये, रवंथ बंद, खांद्यापुढे गाठ लागतेय हाताला. डॉक्टर म्हणाले गोचीड ताप असावा. पण गोचीड तर मागच्या आठवड्यातच औषध मारून साफ केले, लघवी पण स्वच्छ आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात लघवी लाल नसेल तर गोचीड ताप नाहीच. खरंय का हे?

गोठेकरी:
नाही हो दादा. गोचीड ताप म्हणजे एकच आजार नाही, गोचीड चावल्याने होणारे तीन वेगवेगळे जंतू आहेत. लाल लघवी ही त्यातल्या बबेसियाची खूण. तो रक्तातल्या तांबड्या पेशीत घुसून तिथेच त्या फोडतो, मग हिमोग्लोबिन लघवीतून बाहेर पडतं. दुसरा थायलेरिया, तो आधी पांढऱ्या पेशींत वाढतो म्हणून गाठी सुजतात, लघवी बहुतेक वेळा साधीच असते. तुम्ही गाठ म्हणताय म्हणजे मला तरी पहिला संशय थायलेरियाचाच. तिसरा अॅनाप्लाझ्मा, तो बॅक्टेरिया, त्यात रक्त कमी होतं, कावीळ दिसते, पण लघवी लाल होत नाही.

पशुवैद्य_ताई:
वरचं बरोबर आहे, फक्त अंदाजावर इंजेक्शन नको. थायलेरियाला बुपार्वाक्वोन लागतं, बबेसियाला डिमिनाझिन, अॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, एकाचं दुसऱ्याला चालेलच असं नाही आणि कधीकधी दोन जंतू एकत्रही असतात. औषध द्यायच्या आधी रक्ताचा स्मीअर (काचेवर पसरून तपासायचा थेंब) घ्यायला सांगा, गाठीतलं सुईने काढलेलं पाणी पण तपासतात. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि गोचीड मागच्या आठवड्यात काढले म्हणून काही सिद्ध होत नाही, चावल्यावर ताप यायला एक ते तीन आठवडे जातात.

मुक्काम_गोठा:
अंगावरचे मारून भागत नाही हीच खरी गोम आहे. थायलेरियावाला हायलोमा गोचीड पिल्लू असताना आजारी किंवा बरं झालेल्या जनावराचं रक्त पितो, खाली पडून भिंतीच्या भेगांत कात टाकतो आणि मोठा झाला की दुसऱ्या जनावराला जंतू देतो. हा जंतू अंड्यात उतरत नाही. बबेसिया मात्र मादीकडून अंड्यात आणि तिथून पिल्लांत जातो, स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी 1893 सालीच हे दाखवून दिलंय. तेव्हा भेगा बुजवा, गव्हाणीखाली फवारा मारा (गव्हाण आधी रिकामी करा, नाहीतर औषध चाऱ्यात जायचं). आणि गोचीड उघड्या हाताने चिरडू नका, हायलोमात क्रिमियन काँगो तापाचा विषाणू असू शकतो, त्यात जनावर ठणठणीत दिसतं आणि माणूस दगावू शकतो.

प्रश्नकर्ता:
बरं, मग इंजेक्शनआधी रक्त घ्यायला लावतो. घरात दुधाचं विचारतायत, वासराला पाजायचं का, आपण प्यायचं का?

पशुवैद्य_ताई:
थायलेरिया दुधातून पसरत नाही, माणसाला होतही नाही. प्रश्न औषधाच्या अंशाचा आहे. कोणतं इंजेक्शन दिलं त्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही ते ठरतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. वासराच्या अंगावर, विशेषतः कानात आणि शेपटीखाली गोचीड आहेत का ते आजच बघा.