व्यायामशाळेतील मॅकग्रेगरचे पोस्टर : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (अ-२०३) : सर्व सभासदांना नमस्कार. तळमजल्यावरील व्यायामशाळेच्या भिंतीवर काही तरुण सभासदांनी कॉनर मॅकग्रेगर या आयरिश लढवय्याचे मोठे पोस्टर लावले आहे. ते ठेवावे की काढावे, याविषयी दोन्ही बाजूंचे निरोप माझ्याकडे आले आहेत. रविवारच्या बैठकीपूर्वी सभासदांनी आपली मते येथे सविस्तर मांडावीत. पाणी कोणत्या दिवशी येणार, ही चौकशी कृपया दुसऱ्या ग्रुपवर करावी.

श्रेयस (क-४०३) : पोस्टर आम्ही लावले असल्यामुळे त्यामागची बाजू मीच मांडतो. डब्लिनमध्ये प्लंबिंगच्या कामाची उमेदवारी करणारा हा मुलगा एप्रिल २०१३ मध्ये स्टॉकहोम येथे यूएफसीत, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकन संस्थेत, प्रथम उतरला आणि त्याने ती लढत ६७ सेकंदांत संपवली. १२ डिसेंबर २०१५ रोजी, दहा वर्षे एकही लढत न हरलेल्या जोसे आल्डोला त्याने अवघ्या १३ सेकंदांत आडवे केले. पुढच्याच वर्षी १२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने एडी अल्वारेझला हरवले आणि दोन वजनगटांचे पट्टे एकाच वेळी खांद्यावर घेतले. यूएफसीच्या इतिहासात त्यापूर्वी हे कोणालाही जमले नव्हते. एवढे करणाऱ्या माणसाचा गाजावाजा झाला, तर त्यात वावगे काय आहे?

वंगारी काका (ब-१०१) : श्रेयस, पट्टे मिळवले हे मान्य आहे, परंतु ते राखले किती वेळा, हेही सांग. माझ्या माहितीप्रमाणे एकदाही नाही. ज्या आल्डोला तू १३ सेकंदांत निकालात काढतोस, त्याने यूएफसीचे विजेतेपद सात वेळा राखले होते. आपल्याकडे विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. दरवर्षी नवे मल्ल तुमचा खेळ अभ्यासून तुम्हाला पाडायला येतात आणि तरीही तुम्ही उभे राहता, याला मी विजेता म्हणतो. एकदा जिंकून पुढच्या दाराने निघून जाण्याला नाही.

श्रेयस (क-४०३) : काका, आपला आक्षेप रास्त आहे, पण त्याने कोणाकोणाला हरवले, हेही पाहावे लागेल. २०१३ मध्ये बोस्टनला त्याने मॅक्स हॉलोवेला हरवले, तेही लढतीतच गुडघा दुखावलेला असताना. २०१४ मध्ये डस्टिन पॉरियेला पहिल्याच फेरीत गारद केले. हॉलोवे पुढे त्याच गटाचा विजेता झाला आणि पॉरियेने वरच्या गटाचा हंगामी पट्टा (मुख्य विजेता लढू शकत नसताना दिला जाणारा तात्पुरता पट्टा) मिळवला. म्हणजे हे प्रतिस्पर्धी कच्चे नव्हते.

बिराजदार सर (ब-३०४) : तारुण्यात तालमीची माती अंगाला लावली असल्याने आणि पुढे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवल्याने या विषयावर बोलण्याचा मोह मला आवरत नाही. निरोप लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आल्डोविरुद्धचा तो ठोसा नशिबाचा होता, असे म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत सावकाश पाहावी. आल्डो पुढे झेपावला त्या क्षणी हा डावखुरा माणूस मागे सरकला आणि सरकता सरकताच त्याने डाव्या हाताचा सरळ ठोसा दिला. हीच हालचाल तो लढतीपूर्वी सरावाच्या खोलीत करताना दिसतो. मागे जाताना ठोशात जोर ठेवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि समोरच्याचे अंतर ओळखण्याची नजर त्याच्याकडे होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही लढत मुळात जुलैमध्ये ठरली होती, त्यासाठी दोघांनी अनेक शहरांत पत्रकार परिषदा घेतल्या आणि डब्लिनमध्ये तर याने आल्डोचा पट्टाच उचलून घेतला. बरगडीच्या दुखापतीमुळे लढत डिसेंबरपर्यंत लांबली, म्हणजे आल्डोने कित्येक महिने ती टवाळी सोसली. एरवी संयमाने, पायांवर लाथा मारत डाव रचणारा हा मल्ल त्या दिवशी पहिल्या क्षणापासून अंगावर धावून गेला. तेव्हा मॅकग्रेगरची जीभ हाही त्याच्या डावाचाच भाग होता, असे मी म्हणेन, मग आपल्याला ती आवडो वा न आवडो.

मात्र २०१५ च्याच जुलैतील दुसरी लढत तितक्याच बारकाईने पाहावी. आल्डोच्या जागी सुमारे दोन आठवड्यांच्या सूचनेवर चॅड मेंडेस आला. तो मूळचा कुस्तीगीर. त्याने पट काढून मॅकग्रेगरला वारंवार खाली घेतले आणि वरून कोपरांचा मारा केला. तयारीला वेळ न मिळाल्याने मेंडेसचा दम दुसऱ्या फेरीत संपला, तो उभा राहिला, आणि फेरी संपायला तीन सेकंद असताना मॅकग्रेगरने त्याला ठोशांनी संपवले. विजय खराच होता, पण जमिनीवर हा माणूस किती अडचणीत येतो, हे त्या रात्रीच उघडे पडले होते. मार्च २०१६ मध्ये नेट डियाझनेही अकरा दिवसांच्या सूचनेवर येऊन दुसऱ्या फेरीत त्याचा गळा आवळला. ऑक्टोबर २०१८ मध्ये खबीब नुरमगोमेदोवने जे केले, त्यात कुस्ती जाणणाऱ्याला नवल वाटण्यासारखे काही नव्हते. खबीब पायांना चिकटला, रिंगणाभोवतीच्या जाळीला रेटून त्याने खाली घेतले आणि चौथ्या फेरीत मान अशी जखडली की मॅकग्रेगरने हात थोपटून हार मानली. तिसऱ्या फेरीत तो उभ्याने बरा लढला, हेही नोंदवले पाहिजे.

माझे मत असे, की २०१३ ते नोव्हेंबर २०१६ या काळातील उदोउदो त्याने कमावलेला आहे. त्यानंतरचा गाजावाजा केवळ नावावर चालला. २०२१ अखेरपर्यंत या खेळात त्याने आणखी चार लढती केल्या आणि त्यांतील एकच जिंकली.

शेख साहेब (ड-१०२) : सरांचे विवेचन वाचून समाधान वाटले. माझी पुरवणी व्यवसायाच्या अंगाने आहे. नेट डियाझशी हरल्यावर तो पाच महिन्यांत, पुन्हा ७७ किलोंच्या गटात, त्याच माणसासमोर उभा राहिला. स्वतःचा मूळ गट ६६ किलोंचा असताना असे करण्याची सक्ती त्याच्यावर कोणीही केली नव्हती. त्या लढतीत त्याने डियाझच्या पुढच्या पायावर सतत लाथा मारल्या आणि पाच फेऱ्यांनंतर गुणांवर, तीनपैकी दोन पंचांच्या कौलाने, विजय मिळवला. बडबड करणारे पुष्कळ असतात. पराभवानंतर त्याच अडचणीकडे परत जाणारे थोडे असतात. खबीबविरुद्धची लढत सुमारे २४ लाख घरांनी पैसे मोजून पाहिली. हा खेळ ज्यांनी पूर्वी नावानेही ऐकला नव्हता, अशी माणसे त्याच्यामुळे इकडे वळली. आपल्या सोलापुरातील होटगी रोडवरची मुले आज हा खेळ पाहतात, त्यातही त्याचा वाटा आहेच.

वंगारी काका (ब-१०१) : शेख साहेब, तिकीट खपवणे आणि लढत जिंकणे यांची गल्लत होत आहे. २०१७ मध्ये अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरविरुद्ध बॉक्सिंगच्या रिंगणात उतरून त्याने अमाप पैसा मिळवला, पण दहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. हिशेबाच्या वहीत ती कमाई आहे, खेळाच्या वहीत तो पराभव आहे. दरम्यान त्याच्या वजनगटातील मल्ल संधीची वाट पाहत राहिले. आल्डोने २०१६ मध्ये हंगामी पट्टा जिंकला, तरी मॅकग्रेगरशी परतीची लढत त्याच्या वाट्याला कधी आली नाही.

श्रेयस (क-४०३) : हा मुद्दा मला मान्य आहे, काका. आल्डोला दुसरी संधी मिळायला हवी होती.

वैशालीताई (क-२०१) : मी हा खेळ मुलाबरोबर पाहते, त्यामुळे मला विषय अनोळखी नाही. डाव-प्रतिडावांविषयी सरांनी सांगितले ते मी स्वीकारते. तरीही आपल्यासमोर प्रश्न भिंतीवरच्या पोस्टरचा आहे. एप्रिल २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये या माणसाने सामान वाहण्याची लोखंडी गाडी खेळाडूंनी भरलेल्या बसच्या खिडकीवर फेकली, त्यात खेळाडू जखमी झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डब्लिनच्या दिवाणी खटल्यात ज्युरीने एका स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला जबाबदार धरून भरपाई देण्याचा निर्णय दिला. त्याचे अपीलही पुढे फेटाळले गेले. ज्या व्यायामशाळेत सकाळी आम्ही स्त्रिया जातो, तेथे त्याच्या पोस्टरकडे पाहत व्यायाम करण्याची माझी इच्छा नाही.

शेख साहेब (ड-१०२) : ताई, या मुद्द्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. मी त्याच्या खेळाची बाजू घेतली, माणसाची नाही.

बिराजदार सर (ब-३०४) : वैशालीताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत पंचांना लाथ मारल्याबद्दल शिवराज राक्षेवर आणि त्याच स्पर्धेतील गैरवर्तनाबद्दल आपल्याच जिल्ह्याच्या महेंद्र गायकवाडवर राज्य कुस्ती संघटनेने तीन-तीन वर्षांची बंदी घातली. खबीबच्या लढतीनंतर जाळीबाहेर झालेल्या मारामारीबद्दल मॅकग्रेगरला सहा महिन्यांची बंदी आणि ५० हजार डॉलरचा दंड झाला. जाळीवरून उडी मारून प्रेक्षकांत घुसलेल्या खबीबला तर नऊ महिने आणि पाच लाख डॉलर. मात्र ब्रुकलिनची ती घटना यूएफसीने पुढे त्याच लढतीच्या जाहिरातीत वापरली. तालमीत वस्तादाने असे चालू दिले नसते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

श्रेयस (क-४०३) : मी मित्रांशी बोललो. आमची सूचना अशी, की त्याचे एकट्याचे पोस्टर काढून त्या १३ सेकंदांच्या लढतीचे छायाचित्र लावावे, ज्यात आल्डोही दिसेल आणि खाली दोघांची नावे व तारीख असेल.

वंगारी काका (ब-१०१) : आल्डोचे नाव आधी लिहिणार असाल, तर माझी हरकत नाही.

वैशालीताई (क-२०१) : माझी हरकत कायम आहे. शेजारी कोणीही उभा असला, तरी भिंतीवर तोच राहणार.

सचिव (अ-२०३) : दोन्ही प्रस्ताव नोंदवले आहेत. रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर हात वर करून मत घेतले जाईल. तोपर्यंत पोस्टर उतरवून माझ्या कार्यालयात ठेवावे, आणि श्रेयसने भिंतीवरची चिकटपट्टी रंग न खरवडता काढावी.