‘सीएलयू’ची जनुकचाचणी करून घेण्यात अर्थ आहे का?

जुळे_सोलापूरकर
आईला अल्झायमर आहे. आता धाकटा भाऊ म्हणतोय, आपणही जनुकचाचणी करू. इथल्या एका लॅबच्या पत्रकात ‘सीएलयू’ हे नाव ठळक छापलंय. माझं मत विरोधात आहे.

हे जनुक क्लस्टेरिन बनवतं. क्लस्टेरिन हे पेशीबाहेर वावरणारं शॅपरोन प्रथिन. घडी बिघडलेल्या प्रथिनांना धरून त्यांचे गठ्ठे होऊ न देणं हे त्याचं काम, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड या प्रथिनतुकड्यालाही ते धरतं. २००९ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांत त्याचा अल्झायमरशी संबंध दिसला, पण युरोपीय वंशाच्या लोकांत. फरक केवढा, तर जनुकाच्या कमी धोक्याच्या प्रकाराच्या एका प्रतीमागं धोका साधारण १४ टक्क्यांनी कमी. जास्त धोक्याचा प्रकारच तिकडं जास्त आढळतो! असला रिपोर्ट घेऊन करायचं काय?

माळदांडी
पटलं नाही. शॅपरोन कमी पडलं की गठ्ठे वाढणार, हे उघड आहे. मग आपल्यात ते कमी आहे का, हे कळू नये?

पेशीवाली
उघड वाटतं, पण तसं नाही. २००२ मध्ये अल्झायमरच्या उंदरांतून क्लस्टेरिन काढून टाकलं, तर तंतुमय गठ्ठे कमी झाले. २००४ मध्ये क्लस्टेरिनसोबत एपीओई हे चरबी वाहून नेणारं प्रथिनसुद्धा काढलं, तर अमायलॉइड लवकर आणि जास्त साचलं. म्हणजे हे प्रथिन मदत करतं की घात, ते सोबत कोण आहे त्यावर ठरतं. शिवाय चाचणी वाचते डीएनएचं अक्षर. २००९ मध्ये गाजलेला तो बदल प्रथिनाची रचना बदलतच नाही. क्लस्टेरिन किती बनतंय, हे त्या अक्षरावरून कळणार नाही.

पार्क_चौक
काय बे, एवढं कशाला? उष्णतेनं शॅपरोन वाढतात ना? मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ ला. सोलापूरकराला अल्झायमर होणारच नाही!

पेशीवाली
रितोसा या शास्त्रज्ञांना १९६२ मध्ये उष्णतेचा परिणाम दिसला तो फळमाशीच्या लाळग्रंथीत. बाहेर ४३ असलं तरी आपलं शरीर घाम गाळून आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवतं. ते चढलं तर उष्माघात होतो. टोपी घालून फिरा.

माळदांडी
बरं, क्लस्टेरिन सोडा. एपीओईचं जनुक तरी तपासावं की. त्याचा ई४ प्रकार १९९३ पासून माहीत आहे आणि धोका कितीतरी मोठा. लेकानेमॅबसारखं अमायलॉइड हटवणारं औषध देण्याआधी डॉक्टरही तो बघतात, कारण दोन्ही प्रती ई४ असल्या तर मेंदूत सूज-रक्तस्रावाची शक्यता वाढते.

जुळे_सोलापूरकर
मान्य. पण ते आजारी माणसासाठी, आईचे डॉक्टर सांगतील तेव्हा. आम्हा धडधाकट भावंडांना त्या आकड्यानं नुसती झोप लागणार नाही.

यंत्रमाग_६५
चाचणीच्या पैशात आधी कान तपासा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी १४ कारणं दिलीत, त्यात बहिरेपण आहे, बीपी-शुगर आहे. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेले किती जण आपल्या पूर्व भागात ‘आँ?’ म्हणत बसलेत. त्यांना कुणी पत्रक देत नाही.

माळदांडी
कान तपासाच. पण एकानं दुसरं अडत नाही. मी एपीओई करून घेणार, रिपोर्ट आला तरी बायकोला सांगणार नाही.

पेशीवाली
आणि मुलांना? निम्मा डीएनए तुमचाच आहे त्यांच्यात.