वडिलांना विम्बल्डनचा फुटबॉल सामना दाखवायचा आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार. माझे वडील नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरहून लंडनला येत आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे फुटबॉल सामने पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना प्रीमियर लीगपेक्षा एएफसी विम्बल्डन या लंडनच्या छोट्या क्लबचा शनिवारी दुपारी तीनचा सामना दाखवावा, असे मला मनापासून वाटते. कारण मूळ विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहराला हलवण्यास परवानगी मिळाल्यावर २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतः उभा केलेला आणि २०२० मध्ये विम्बल्डनमधल्या प्लाउ लेनवरच्या मैदानात परतलेला हा संघ, पेठेच्या अभिमानावर वाढलेल्या माणसाला लगेच आपला वाटेल.

त्यांचे गुडघे दुखतात. मैदानाजवळच्या हेडन्स रोड रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या त्यांना झेपतील का, की बसने जाणे बरे? पुढचे प्रेक्षक उभे राहिले तर त्यांना काहीच दिसणार नाही, तेव्हा शांतपणे बसून पाहता येईल असा स्टँड कोणता? शनिवारी ते मांसाहार करत नाहीत. मध्यंतरात चहाबरोबर शाकाहारी काही मिळते का? शिवाय एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची पहिली फेरी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच येते आणि तिच्यामुळे लीगच्या सामन्याची तारीख बदलू शकते, त्यामुळे लीगचे तिकीट किती आधी काढणे सुरक्षित ठरेल, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.