मदत हवी आहे: शाकारलेल्या जुन्या इंग्रजी घराच्या भागांना मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी इंग्लंडमधल्या शॉटरी गावातल्या एका घरावर लिहितेय. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डपासून जेमतेम दीड किलोमीटरवर आहे ते. त्याची बायको अ‍ॅन हॅथवे हिचं माहेर. नावात 'कॉटेज' असलं तरी ते शेतकऱ्याचं बारा खोल्यांचं मोठं घर आहे. मला लिहायचंय ते त्याच्या लाकूडकामावर, आणि तिथेच अडलेय.

सर्वांत जुना भाग १४६३चा, अवघ्या तीन खोल्यांचा. त्यात आपल्यासारखे सरळ खांब आणि त्यांवर तुळया नाहीत. मुळातच वाकडी वाढलेली ओकची दोन लाकडं समोरासमोर उभी करून शेंड्याला जोडलेली असतात, थेट जमिनीपासून आढ्यापर्यंत. याला तिथे 'क्रक' म्हणतात. छपराचा भार तीच पेलतात, भिंतींवर काही येत नाही. भिंत म्हणजे काटक्यांच्या विणीवर माती, गवत आणि शेण लिंपलेलं. आजोळचा कारवीचा कूडच आठवला मला! कूड काढून नवा भरला तरी घर उभंच राहतं.

मधली खोली तेव्हा आढ्यापर्यंत मोकळी होती. चूल जमिनीवर, धूर छपराच्या गवतातूनच बाहेर जायचा. पुढे अ‍ॅनच्या भावाने १६१०मध्ये हे घर विकत घेतलं आणि वाढवलं. धुरांडी आली, माळा घातला गेला, शेजारी जास्त उंचीचा नवा भाग उभा राहिला. एका धुरांड्यावर 'आय एच १६९७' कोरलंय, म्हणजे जॉन हॅथवेची आद्याक्षरं. १९६९मध्ये आगीने बरंच नुकसान झालं, मग दुरुस्ती झाली.

आता माझे प्रश्न. 'क्रक'ला कोकणातल्या किंवा घाटावरच्या सुतारांकडे काही शब्द आहे का? 'मेढ' मला माहीत आहे, पण ती बेळक्याची, म्हणजे वर दोन फाटे असलेली, आणि सरळ. 'कमानी वासे' चालेल का, की वासा म्हटल्यावर तो भिंतीवर टेकलेलाच डोळ्यांसमोर येईल? दोन क्रकांमधल्या जागेला मी 'खण' लिहिलंय, ते मला अगदी चपखल वाटतं. कुणाला खटकत असेल तर सांगा.

आणखी एक. पेंढ्याने शाकारलेल्या घरात मागाहून माळा घातलेला कुणी पाहिलाय का? तेव्हा धुराची सोय काय केली होती? घरात कुणी जुनं माणूस असेल तर कृपया विचारून सांगा. जुना फोटो असेल तर फारच छान. लेख द्यायला तीन आठवडे आहेत.