आपत्तीनंतरचे मृत्यू: ‘दुर्बल घटकां’ची यादी पुरेशी आहे का?

शोधयात्री:
आपत्तीच्या काळात मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी मी एक छोटी पुस्तिका तयार करीत आहे. वृद्ध, पाच वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया, अपंग आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्ती अशी नेहमीची यादी मी तिच्यात दिली आहे. मात्र पुराचे पाणी ओसरल्यावर किंवा भूकंपाचे धक्के थांबल्यावरही कित्येक आठवडे याच लोकांचे मृत्यू होत राहतात, असे वाचनात येते. मग नुसत्या यादीवरून स्वयंसेवकाला नेमके काय उमगणार? जाणकारांनी कारणांसह लिहिल्यास पुस्तिकेची मांडणी बदलण्याची माझी तयारी आहे.

औषधपेटी:
आपली शंका रास्त आहे. यादीतून वय आणि आजार कळतो. माणूस रोज कशाच्या आधारावर जगतो, ते कळत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून साधारण तीनदा डायलिसिस लागते, इन्सुलिनचा साठा थंड ठेवावा लागतो आणि घरच्या प्राणवायू यंत्राला अखंड वीज लागते. वादळाने अशा रुग्णाला ओरखडाही काढला नाही, केवळ वीज आणि रस्ता तोडला, तरी त्याच्या हाती मोजकेच दिवस उरतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातील बेटावर मारिया चक्रीवादळ आदळले, तेव्हा मृतांचा अधिकृत आकडा ६४ होता. पुढील काही महिन्यांतील जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी अपेक्षित असलेल्या संख्येहून अधिक झालेल्या मृत्यूंचा, अभ्यास झाल्यावर, जवळजवळ वर्षभराने, तेथील सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. गरीब वस्त्यांतील रहिवासी आणि वृद्ध पुरुष यांना असलेला धोका अधिक काळ टिकला होता.

सुरक्षिततेसाठी केलेले स्थलांतरही जिवावर बेतू शकते, हे मात्र पुस्तिकेत ठळकपणे यावे. २०११ मध्ये फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर रुग्णालये घाईघाईने रिकामी करण्यात आली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना पुरेशा वैद्यकीय देखरेखीविना बसमधून तासन्‌तास नेण्यात आले आणि त्यांपैकी अनेक जण वाटेत किंवा लगेच नंतर दगावले. जपानमध्ये अशा मृत्यूंची ‘आपत्तीशी संबंधित मृत्यू’ म्हणून वेगळी नोंद ठेवतात. फुकुशिमा प्रांतात ही संख्या २,००० च्या वर असून ती भूकंप आणि त्सुनामीच्या थेट बळींहून जास्त आहे.

पाणवठा:
वरील प्रतिसादात भर एवढीच की, निर्वासितांच्या छावणीत चित्र निराळे असते. तेथे दाटी आणि दूषित पाणी अधिक जीव घेतात. १९९४ मध्ये रवांडातून तेव्हाच्या झैरेमधील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा येथे आलेल्या निर्वासितांपैकी पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० जण मरण पावले आणि त्यांतील बहुतेकांचा बळी कॉलरा व आमांशाने घेतला. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक शौचालय हे ‘स्फिअर’ मानक, म्हणजे आपत्तीतील मदतकार्यासाठीचे आंतरराष्ट्रीय किमान मानक, म्हणूनच महत्त्वाचे ठरते. कुपोषित मुलांत गोवर फार लवकर प्राणघातक होतो, त्यामुळे छावणी उभी राहताच गोवराचे लसीकरण हाती घ्यावे लागते.

एक सूचना थोडी अप्रिय वाटेल. सद्भावनेने पाठवलेली दुधाची भुकटी सरसकट वाटू नये. इंडोनेशियातील योग्यकार्ता येथील २००६ च्या भूकंपानंतर दान आलेले दूध मिळालेल्या लहान मुलांत अतिसाराचे प्रमाण, ते न मिळालेल्या मुलांच्या दुपटीहून अधिक आढळले होते.

कंदील:
‘औषधपेटी’ यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. औषध आणि वीज यांच्यावरच सारा भर दिला, की दुर्बलता शरीरातच असते असा समज होतो. १९९१ च्या बांगलादेश चक्रीवादळात २० ते ४४ वयोगटातील स्त्रियांचा मृत्युदर हजारी ७१, तर त्याच वयाच्या पुरुषांचा १५ होता. या स्त्रिया आजारी नव्हत्या. मुलांना आणि वृद्धांना सोडून निघता न येणे, घरातील पुरुषाच्या संमतीची वाट पाहणे, निवारागृहात स्त्रियांसाठी आडोसा नसणे ही कारणे समाजाने घडवलेली होती. शौचालय दूर आणि अंधारात असेल, तर स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत भोंग्याचा इशारा पोहोचतच नाही, हेही त्याच प्रकारात मोडते.

शोधयात्री:
सर्वांचे आभार. आता प्रत्येक नोंदीपुढे तीन प्रश्न छापीन: ही व्यक्ती कशावर अवलंबून आहे, तो साठा किती दिवस पुरेल, आणि तिला निघण्यापासून काय अडवते? मनोविकारांवर किंवा अपस्मारावर औषधे घेणाऱ्यांबद्दल काय लिहावे?

औषधपेटी:
‘कंदील’ यांचा आक्षेप मला मान्य आहे. अपस्माराचे औषध अचानक तुटल्यास एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो, त्यामुळे ते जखमेवरच्या मलमपट्टीइतकेच तातडीचे समजावे. औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेला कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून रुग्णाजवळच ठेवावा. गोळ्यांच्या व्यापारी नावांवरून परक्या ठिकाणच्या डॉक्टरला अनेकदा काहीच बोध होत नाही.