मदत हवी आहे: वडिलांनी तयार केलेल्या हुरड्याच्या ज्वारीची नोंदणी कशी करायची?

काळं_रान:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज. घरात यावरून दोन महिने वाद चाललाय आणि रब्बीच्या पेरणीच्या आत काहीतरी ठरवायचंय.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात, काळी जमीन, रब्बीला सगळे मालदांडी ज्वारीच करतात. २०१२ च्या दुष्काळात आमच्या रानात बांधाकडेला ज्वारीचं एक ताट आण्णांना, म्हणजे वडिलांना, वेगळं दिसलं. शेजारच्या रानात गुळभेंडी, म्हणजे हुरड्याची ज्वारी, होती, तिचा परागकण आला असणार असं ते म्हणतात. बाकीचं रान वाळत होतं आणि त्या एका ताटाला कणीस भरलेलं, दाणा हुरड्यात आला तेव्हा तळहातावर नुसतं चोळलं तरी बोंडातून सुटत होता आणि गोडी वेगळीच. आण्णांनी ते कणीस मोडलं नाही, वाळवून ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी दहा गुंठ्यात तेच पेरायचं, त्यातली चांगली कणसं निवडायची, राखेत घालून ठेवायची, असं चालू आहे. आता पाव्हण्यारावळ्यांत मिळून वीस-पंचवीस घरं हेच बी लावतात. पैसे कधी घेतले नाहीत, पायलीला पायली बदली.

या जानेवारीत एका बियाणे कंपनीचा माणूस हुरडा खायला म्हणून आला, आगटीजवळ बसून तासभर विचारत राहिला, जाताना म्हणाला पाच किलो बी द्या आणि या कागदावर सही करा. कागद इंग्रजीत. मी सही करू दिली नाही, बी पण दिलं नाही, त्यावरून आण्णा माझ्यावरच चिडले, मागितलेलं बी नाही म्हणायचं नसतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर चार कणसं त्यांनी माझ्या मागे देऊन टाकली.

तालुक्याला कृषीच्या ऑफिसात गेलो तर तिथं सांगितलं असं शेतकऱ्याच्या नावावर वाण वगैरे होत नसतं, ते विद्यापीठाचं काम. खरंच होत नाही का? होत असेल तर खर्च किती, फॉर्म कुठं मिळतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंदणी केली तर भावकीतल्या लोकांना ते लावायला बंदी येईल का? आण्णांचा विरोध त्यावरच आहे. बंदी येणार असेल तर मला नकोच ते.

बार्शीकर:
होत नाही असं कोण म्हणतं! आमच्या बार्शी तालुक्यात गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटेंनी एनएमके-१ सीताफळ स्वतःच्या बागेत निवडून काढलं आणि स्वतःच्या नावावर रजिस्टर केलं. शेतकरीच आहेत ते. तुम्ही आधी सही केली नाही हे लाख मोलाचं काम केलं भाऊ.

पोटरी:
मी बियाण्याच्या क्षेत्रात काही वर्षं काम केलंय, जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगते.

कायदा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. त्याचं प्राधिकरण दिल्लीत पुसाला आणि शाखा कार्यालय आपल्या पुण्यात आहे, पहिला फोन तिथेच करा. शेतकऱ्यांचं वाण अशी वेगळी कॅटेगरीच आहे, त्याला नोंदणीची फी नाही, चाचणीचे पैसेही लागत नाहीत, नमुना म्हणून बी द्यावं लागतं ते पण इतरांपेक्षा निम्मं. फॉर्मवर शिफारस लागते ती जिल्हा कृषी अधिकाऱ्याची किंवा कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकांची किंवा तुमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची, यातली एक पुरते. समिती कागदावर तरी असेलच, ग्रामसेवकांना विचारा, आणि लोक जैवविविधता नोंदवहीत या ज्वारीची नोंद आजच करून घ्या, तारखेचा पुरावा होतो.

आता आण्णांचा प्रश्न. याच कायद्याचं कलम ३९ त्यांना वाचून दाखवा. नोंदणी झालेल्या वाणाचं बी सुद्धा शेतकरी घरात राखू शकतो, परत पेरू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, विकू पण शकतो. फक्त ब्रँड छापलेल्या पाकिटात घालून विकता येत नाही. म्हणजे भावकीची पायलीला पायली आहे तशीच चालू राहते, आणि कंपनीला मात्र विचारल्याशिवाय धंदा करता येत नाही. आण्णांना जे हवंय तेच कायद्यात लिहिलंय.

अडचण येईल ती एकसारखेपणाची. चाचणीत वाण इतरांपेक्षा वेगळं आहे का, सगळी ताटं सारखी आहेत का आणि पुढच्या पिढीत तसंच राहतं का हे तीन बघतात. ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागावर बसते पण सगळी नाही, शेजारून थोडं येतंच, तुमच्या आण्णांचं ताट तसंच तर आलं! त्यामुळे दहा गुंठ्याच्या चारी बाजूला मालदांडी असेल तर भेसळ होत असणार. शेतकऱ्यांच्या वाणाला वेगळ्या ताटांची सूट दुप्पट आहे, तरी यावर्षी शंभर-दोनशे मीटर अंतर मिळेल असं रान बघा. नाही मिळालं तर पोटरीतून कणीस बाहेर पडलं की फुलोऱ्याच्या आधी पन्नासेक निवडक कणसांना कागदी पिशव्या बांधा आणि बियाण्याला तेवढीच वापरा.

गोदाकाठ:
माझं मत जरा वेगळं आहे. नोंदणी जरूर करा पण त्यानं पुढे सगळं मार्गी लागेल असं धरून चालू नका. नाव आण्णांचं लागेल, पण बाजारात बी जायला दुसराच कायदा आहे, १९६६ चा बियाणे कायदा. प्रमाणित बियाणं फक्त अधिसूचित, म्हणजे सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या, वाणाचंच होतं आणि अनुदानावर वाटतात ते पण अधिसूचितच. अधिसूचित व्हायला अनेक ठिकाणच्या, अनेक हंगामांच्या चाचण्या लागतात, त्या दहा गुंठेवाल्या माणसानं कुठून करायच्या? मला सरकारी धोरणातला सगळ्यात मोठा खड्डा इथेच वाटतो. नवीन काही करा म्हणून शेतकऱ्याला पुरस्कार देतात, चांगलंच आहे, पण त्याचं बी चाचणीच्या प्लॉटपर्यंत पोचवायची जबाबदारी कुणाचीच नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या केव्हीकेत, म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात, दरवर्षी दोन गुंठे जरी शेतकऱ्यांनी आणलेल्या वाणांसाठी राखून ठेवले आणि तुलनेला शेजारी मालदांडी लावली, तरी किती गोष्टी उजेडात येतील. मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळला गावरान ज्वारीतून निवडूनच काढलंय की.

पोटरी:
@गोदाकाठ, पटलं. फक्त एक, स्वतःच्या रानात पिकवलेलं बी घरूनच थेट दुसऱ्या शेतकऱ्याला पेरायला देण्यावर १९६६ च्या कायद्याचं बंधन नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही, मोठ्या प्रमाणावर जायचं म्हटलं तरच तुम्ही म्हणता तो खड्डा लागतो.

झाडीपट्टी:
आमच्या चंद्रपूरकडची गोष्ट सांगतो, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकरवाला माणूस. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत दोन-तीन लोंबी वेगळ्या दिसल्या, त्या राखून वाढवत नेल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला, तेव्हाच्या एचएमटी घड्याळावरून नाव पडलं. आज अर्ध्या देशात खातात तो तांदूळ. पुढे त्याच बियाण्यातून शुद्ध करून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-एचएमटी म्हणून वाण निघालं. तेव्हा २००१ चा कायदाच नव्हता, त्यांच्या हातात एक कागद नव्हता. पुरस्कार मिळाला, राष्ट्रपती कलामांच्या हस्ते, पण २०१८ मध्ये गेले तेव्हा उपचाराच्या पैशाची ओढाताण होती. आम्ही हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून कळकळीनं सांगतो, आण्णांना समजवा. त्या काळी नव्हता तो कायदा आता आहे.

काळं_रान:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आण्णांना कलम ३९ चं मराठीत समजावून सांगितलं आणि दादाजींची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वाटता येणार असेल तर कर, पण फॉर्मवर एकट्याचं नाव नको, पहिली तीन वर्षं थोरल्या चुलत्यांच्या रानात बी वाढवलं होतं, त्यांचं पण टाक. असं दोघांचं चालतं का?

आणि ती चार कणसं गेली त्याचं काय करायचं? कंपनीनं आधी अर्ज केला तर?

पोटरी:
चालतं, शेतकऱ्यांचा गट किंवा समुदाय म्हणूनही अर्ज करता येतो. चार कणसांचं म्हणाल तर त्यांनाही ते शुद्ध करून वाढवायला वेळ लागणार, म्हणून तर लवकर करा. कधी सापडलं, कुणाकुणाला बी दिलं, कोणत्या वर्षी किती पेरलं हे सगळं वहीत लिहा आणि लावणाऱ्या वीस-पंचवीस घरांच्या सह्या घ्या. कुणी आधी अर्ज केलाच तर तो जाहीर होतो आणि तीन महिन्यांत हरकत घेता येते, तेव्हा हीच वही कामाला येईल.

आणि सोलापुरात रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, हैदराबादच्या भरडधान्य संस्थेचं. तिथल्या शास्त्रज्ञांना एकदा प्रत्यक्ष दाखवा, मालदांडी आणि गुळभेंडीपेक्षा नक्की कशात वेगळं आहे हे नेमक्या शब्दांत लिहून मिळालं तर अर्जाचं निम्मं काम होतं.

काळं_रान:
सोमवारी जातो. घरी गेल्या हंगामाची तीसेक कणसं टांगलेली आहेत आणि डब्यात मळलेलं बी आहे. काय नेऊ?

पोटरी:
कणसंच न्या, मळू नका. बोंडाचा रंग, कुसळ आहे का नाही, दाणा किती झाकलाय हे कणसावरच दिसतं. सोबत तुमच्या रानातल्या मालदांडीची पण चार-पाच न्या, शेजारी ठेवून दाखवायला. आणि सगळी तीस नेऊ नका, पेरायला घरी राहू द्या.